अण्णांचा हातभार

दुकानातून, ४ जून

चि. भुंग्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. फोन करू नकोस म्हटलं ते तू पाळतोस, बरं वाटलं. माझ्या कानांना फोनमधलं आता काही कळत नाही आणि मी उगाच हो हो म्हणत राहतो. पुढे लोक म्हणतात, अण्णा, तुम्हीच तर हो म्हणालात. त्यापेक्षा कागद बरा.

पण या कागदावर तू काय लिहिलंस? दोन पानं हवापाणी आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी. विमा कंपनीतली नोकरी सोडलीस ही बातमी मला ताईकडून कळावी? पोटचा पोरगा दोन पानं लिहितो आणि मुद्द्याला बगल देतो, तेव्हा कुठेतरी पाणी मुरतंय एवढं मला कळतं. कुलपं दुरुस्त करणाऱ्याला संशयी म्हणतात सगळे. संशयी नसतो तर या धंद्यात टिकलो नसतो.

ताई म्हणते, तुझी इंटरनेटवर एक वेबसाइट आहे आणि तिच्यावरच्या जाहिरातींचे पैसे तुला मिळतात. तू झोपलेला असलास तरी मिळतात म्हणे. झोपेत पैसे मिळवून देणारे धंदे मला दोनच माहीत आहेत, एक सावकारी आणि दुसरी चोराशी भागीदारी. यातला तुझा कुठला ते कळव. आणि संध्याकाळी तू अनोळखी लोकांपुढे उभा राहून विनोद सांगतोस, हे काय नवीन? तुझी आई असती तर तिने तुला पाठीशी घातलं असतं. मी घालणार नाही.

आता कामाचं. शेजारचा शिंपी आपलं दुकान भाड्याने मागतो आहे. मधली भिंत काढून त्याला आणखी मशिनं मांडायची आहेत. मी त्याला वर्षअखेरपर्यंत थांबवलंय. तोवर तू स्वतःच्या पायावर उभा राहिलास तर उत्तम. नाहीतर मुकाट्याने परत यायचं आणि कानस हातात घ्यायची. यात घासाघीस नाही.

आणखी एक विचारतो. हशा मिळावा म्हणून घरातलं काही चव्हाट्यावर मांडत नाहीस ना?

लोभ आहे, शंकाही आहे. त्यातलं काय वाढवायचं ते तुझ्या हातात.

अण्णा


खोलीवरून, ११ जून

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

चुकलो. नोकरीचं आधी तुम्हाला सांगायला हवं होतं. पत्र लिहायला बसलो की तुमची भिवई डोळ्यांपुढे येते आणि पेन आपोआप गुडघ्यांकडे वळतं.

वेबसाइटमध्ये लपवण्यासारखं काही नाही. घरातल्या बारीकसारीक दुरुस्त्यांची माहिती मी तिथे लिहितो. नळ गळतो, दार कुरकुरतं, किल्ली मोडून निम्मी कुलपात राहिली, अशा वेळी काय करावं. अर्धं तुमच्याकडे बघून शिकलेलं आहे. लोक वाचायला येतात. मजकुराच्या बाजूला मी जागा मोकळी सोडतो आणि तिथे एक कंपनी जाहिराती आणून लावते. दुकानाच्या भिंतीवर कुणी फलक रंगवावा आणि त्याचं भाडं द्यावं, तसंच हे. फक्त नुसत्या भिंतीचं फार मिळत नाही. वाचणाऱ्याने जाहिरात दाबून उघडली तरच हातात काही पडतं. तेही थेंबाथेंबाने. पण खोलीचं भाडं आणि दोन वेळचं जेवण निघतं.

विनोदाचं म्हणाल तर एका कॉफीच्या दुकानाखाली तळघर आहे. तिथे आठवड्यातून एकदा नवख्यांना पाच पाच मिनिटं देतात. माइकची दांडी बोलता बोलता खाली घसरते, त्यामुळे शेवटी शेवटी माणूस वाकून विनोद सांगतो. पहिल्या दिवशी माझ्या वाट्याला एकच हशा आला, आणि तोही मागे कुणाच्या हातून कपबशी पडली म्हणून. पुढच्या वेळी कपबशी न फुटता दोघं हसले. पैसे मिळत नाहीत, उलट कॉफी विकत घ्यावी लागते. म्हणून ही वेबसाइट, अण्णा. ती चालली तर मला शिकायला एक वर्ष मिळेल. बंद पडली तर कानस आहेच, मी कुरकुर करणार नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या पत्रात देतो.

शंका घ्या, पण लोभाला कात्री लावू नका.

आपला
भुंग्या


दुकानातून, २ जुलै

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या औषधांच्या दुकानातून पाठवलेलं मलम लावतो आहे. वास वाईट आहे, म्हणजे गुण येत असावा.

हे पत्र वाचून फाडून टाक. भुंग्या इथे ठेवून गेलेला जुना संगणक मी शिंप्याकडून सुरू करून घेतला. इंटरनेटही त्याचंच वापरतो. खरंच वेबसाइट आहे का थापा आहेत, हे एकदा पाहावं म्हटलं. आहे. कुलपात मोडलेल्या किल्लीबद्दल त्याने बरोबर लिहिलंय. तेलाचा मुद्दा विसरलाय, पण बाकी ठीक आहे.

जाहिराती मात्र चमत्कारिक आहेत. पहिल्या दिवशी कढया होत्या. दुसऱ्या दिवसापासून कानाच्या यंत्रांच्या सुरू झाल्या. मला ऐकू येत नाही हे त्यांना कुणी सांगितलं? मी डॉक्टरला जाऊन विचारलं. तो कानावर हात ठेवतो, पण माझा त्याच्यावर विश्वास नाही.

तर ते असो. जाहिरात दाबली की पोराला पैसे मिळतात असं त्यानेच लिहिलंय. मी तोंडाने त्याला काही म्हणणार नाही. पण दुकान उघडलं की आधी बसतो आणि एकेक जाहिरात दाबतो. वरची, खालची, कडेची, एकही सोडत नाही. नुसती दाबून पळणं बरं नाही, म्हणून शेवटपर्यंत वाचतोही. शिंपी आणि त्याचे कारागीर जेवणाच्या सुट्टीत दाबतात. पलीकडचा न्हावी तर बहाद्दर आहे. खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात मोबाइल देतो आणि दाढी होईपर्यंत जाहिराती दाबायला लावतो. वस्तरा गळ्याशी असताना कोण नाही म्हणेल?

भुंग्याला यातलं अक्षरही कळता कामा नये, तुला माझी शपथ आहे. बापाच्या जिवावर चाललंय असं त्याला वाटलं तर त्या पायावर उभं राहण्याला काय अर्थ? आणि मी विरघळलो असं वाटलं तर तो आणखी शेफारेल.

जावयांना नमस्कार. तुझा लोभ नको, तोंड बंद ठेवशील तेवढं पुरे.

अण्णा


खोलीवरून, २० ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सगळं संपलं. जाहिरातींच्या कंपनीने माझं खातं कायमचं बंद केलं. माझ्या पानांवरच्या जाहिरातींवर खोटे क्लिक होत आहेत, असं त्यांचं म्हणणं. मीच माणसं बसवून दाबून घेतोय असा त्यांना संशय आहे. जमा झालेले पैसेही गोठवले. विनवण्या करून पाहिल्या, उत्तर तेच आलं.

आधी मला वाटलं, आमच्या तळघरात विनोद सांगणारा टकल्या असणार. माझ्या विनोदांना हशा यायला लागल्यापासून तो माझ्याशी धड बोलत नाही. म्हणून कोण कुठून येतं त्याची नोंद काढून पाहिली. ताई, जवळजवळ सगळे आपल्या गावातून आले होते. रोज सकाळी, दुकानं उघडायच्या वेळेला. मग दुपारी पुन्हा झुंड.

अण्णांनी केलंय हे. वेबसाइट बंद पडली तर परत येईन, असं मीच मूर्खासारखं त्यांना लिहून दिलं होतं. कुलूप कुठून तुटतं हे त्यांना दाखवायची गरजच काय? नको होतं तर सरळ तसं म्हणायचं. वर्षअखेरपर्यंत मुदत द्यायची आणि पाठीमागून पाय ओढायचा, हे माझ्या बापाने करावं याने मी आतून हललोय.

आणि गंमत बघ. तळघरात मी ज्याच्यावर हशा मिळवतो ते अण्णाच आहेत. कुलूप लावून चार पावलं जाणं, परत येऊन ओढून बघणं, पुन्हा जाणं, पुन्हा येणं. लोक पोट धरून हसतात. परवा मात्र त्यांच्यावर बोलताना माझ्या आवाजात असं काहीतरी आलं की कुणीच हसलं नाही. पाच मिनिटं संपायच्या आत खाली उतरलो.

मी त्यांना पत्र लिहिणार नाही. एका खानावळीत गल्ल्यावर बसायचं काम मिळतंय, पण संध्याकाळचं. म्हणजे तळघर बंद.

तुझा तरी लोभ आहे ना, तेवढं कळव.

भुंग्या


औषधांच्या दुकानातून, २६ ऑगस्ट

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

तुझं पत्र दुकानातच उघडलं. दोन गिऱ्हाइकांना चुकीची औषधं देता देता वाचले. अण्णांनी मला शपथ घातली होती, ती मी आज मोडते आहे. मोडल्याचं पाप माझ्या माथी.

हो, जाहिराती अण्णाच दाबत होते. पण गाढवा, तुझा पाय ओढायला नाही, तुला पैसे मिळावेत म्हणून! तूच लिहिलं होतंस ना त्यांना, दाबलं तरच हातात पडतं म्हणून? मग ते रोज सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाला थांबवून तुझ्या जाहिराती वाचत बसायचे. शिंपी, त्याचे कारागीर, न्हावी, न्हाव्याची गिऱ्हाइकं, सगळी गल्ली त्यांनी कामाला लावली. आपल्याच माणसांनी दाबायचं नसतं हे तू त्यांना सांगितलं नाहीस. मलाही ठाऊक नव्हतं. मी तर त्यांचं कौतुक करत होते.

आता त्यांना यातलं काही कळू देऊ नकोस. ज्या माणसाने जन्मभर कुणाचं एक कुलूप बिघडवलं नाही, त्याला हे कळलं तर जेवण जाणार नाही. काहीतरी गोड थाप मार. विनोद सांगतोस ना, मग एवढं जमेल.

लोभ आहे म्हणून तर ओरडते.

ताई


खोलीवरून, ३ सप्टेंबर

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, क्षमा असावी. इकडे सर्व क्षेम आहे. एक आनंदाची बातमी म्हणजे विनोदांचेच पैसे मिळू लागले आहेत. तेव्हा वेबसाइटवरच्या जाहिराती मी आपण होऊन काढून टाकल्या. दोन्हीकडे लक्ष देणं जमत नव्हतं. आता तुम्ही रोज संगणक उघडून बसायची दगदग करू नका, डोळ्यांना त्रास होतो. गुडघे कसे आहेत?

तुमचा लोभ मला नीट ओळखता आला नाही. तरी तो असावा, ही विनंती.

आपला
भुंग्या


दुकानातून, २८ सप्टेंबर

चि. भुंग्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला खोटं बोलता येत नाही. मी संगणक उघडतो हे तुला कुणी सांगितलं? मी नाही. म्हणजे ताई बोलली. शपथ घातल्यावरही ताई बोलली, म्हणजे काहीतरी मोठं बिघडलं. त्यात तू पुन्हा माझ्या गुडघ्यांवर आलास. मी संगणक दुरुस्त करणाऱ्याला गाठलं आणि त्याच्याकडून सगळं समजून घेतलं. आपल्याच माणसांनी जाहिराती दाबल्या की ती लबाडी धरतात म्हणाला. मी दुकानात आलो आणि बराच वेळ एकाही किल्लीला हात लावू शकलो नाही. तुझं नुकसान मी केलं. फार वाईट वाटलं रे.

पण विनोदाचे पैसे मिळतात ही दुसरी थाप आहे का, ते पाहायचं राहिलं होतं. ताईकडून पत्ता काढला आणि कुणाला न सांगता गेल्या गुरुवारी तुझ्या तळघरात आलो. मागे खांबाजवळ बसलो. कॉफी घ्यावीच लागली, भयंकर कडू होती.

मला एक शब्द ऐकू आला नाही. म्हणून मी लोकांची तोंडं बघत बसलो. कोण मनापासून हसतंय, कोण शेजाऱ्याकडे बघून हसतंय, कुणी तुला हसतंय का. तसं कुणी दिसलं असतं तर मी उठलो असतो. मग तू कुलूप लावलंस. चार पावलं गेलास, परत आलास, ओढून पाहिलंस. पुन्हा गेलास आणि किल्ली एक डोळा मिटून दिव्यापुढे धरलीस. तो मी होतो. बोललास काय ते कळलं नाही, पण माणूस ओळखला. अख्खं तळघर हसत होतं. माझ्या पुढची बाई तर डोळे पुसत होती. मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

तुला भेटलो नाही. भेटलो असतो तर रडलो असतो, आणि ते मला त्या लोकांसमोर नको होतं.

सोमवारी दुकान शिंप्याला दिलं. पुढे दाराशी एक बाकडं त्याने माझ्यासाठी ठेवलंय, किल्ल्यांना तेवढी जागा पुरते. तुझं शिकायचं वर्ष संपेपर्यंत भाडं तो दर महिन्याला तुझ्या नावावर भरेल. पुढच्या महिन्यापासून तू खानावळीत गल्ल्यावर बसणार असं ताईने सांगितलं, ते काम धरू नकोस आणि संध्याकाळ मोकळी ठेव. इथे परत येण्याचं आता मनात आणू नकोस, तुझी खुर्ची ठेवायला जागाच उरलेली नाही.

एक काम कर. त्या संध्याकाळी माझ्यावर जे जे बोललास ते शब्दन् शब्द लिहून पाठव. काही गाळू नकोस, मी ताडीन. सगळे हसले आणि मी एकटाच त्यांच्यात गप्प बसलो होतो. मलाही हसायचं आहे.

लोभ होताच. शंका फक्त एवढीच उरली आहे की तू मला गुरुवारी पाहिलं होतंस का?

अण्णा