भाऊ गेले ती वेळ

प्रिय वरद,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच बाजूला ठेवशील, अशी मला शंका आहे. ठेवलंस तरी माझी तक्रार नाही. तुझा फोन लागत नाही, मंडळाच्या ग्रुपमधूनही तू बाहेर पडलास, म्हणून हे लिहिणं. रसायनीच्या खोलीचा पत्ता तुझ्या आईने दिला, पण सहज दिला नाही. मी दोनदा विचारलं तेव्हा म्हणाली, "ताई, आता अजून काय न्यायचं राहिलंय त्याच्याकडून?" मी गप्प राहिले. तुझी काकू गप्प राहते हे तुला माहीतच आहे. पंचायत समितीत एकतीस वर्षं मी आवक-जावक लिहिलं. कागद कधी आला आणि कधी गेला ते लिहायचं, त्यात काय म्हटलंय त्यावर बोलायचं नाही, अशी सवय लागली ती लागलीच.

वाडीत अजून तीच दिघीबरोबरची फुटबॉलची मॅच चालू आहे. नागावच्या मैदानावर ती फेब्रुवारीतल्या रविवारी साडेपाचला संपली, इथे मात्र रोज संध्याकाळी देवळाच्या पारावर पुन्हा सुरू होते. सोनलने मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ सगळ्यांकडे आहे. एकेक गोल थांबवून बघतात. तिसऱ्या गोलाला साहिल कुठे होता, पाचव्याला हर्षदने पाय का काढून घेतला. रेफरीचं आजोळ दिघीजवळचं निघालं म्हणतात. मध्यंतरात कलिंगडाच्या फोडी वाटल्या, त्या कापणारा माणूस कोण होता याचाही शोध झाला. शाळेतली पोरं ओरडत जातात, "आठवड्याला दिवस सात, आमच्या वाडीला गोल आठ!" बाळाजीभावोजी त्यांच्या मागे काठी घेऊन धावतात आणि परत येऊन स्वतःच तो व्हिडिओ लावतात. पहिल्यांदा फायनल गाठली होती आपण. तीन टेम्पो भरून माणसं गेली होती, निळे शर्ट घालून. येताना एकाही टेम्पोने हॉर्न वाजवला नाही, असं सोनल सांगते. दोन महिने झाले, दोरीवर एक निळा शर्ट दिसत नाही. इतक्या शंका काढल्या लोकांनी, पण दिघीची पोरं आपल्यापेक्षा चांगली खेळली, ही शंका अजून एकालाही आलेली नाही.

सगळ्या शंका फिरून गोलमध्ये उभ्या असलेल्या तुझ्यावर येतात. तुझं लग्न दिघीच्या अमिषाशी ठरलेलं. दिघीची माणसं ढोल घेऊन फेरीबोटीने आगरदांड्याला उतरली, त्यांत पुढे तुझे होणारे सासरे दिनानाथ. "सासऱ्याला आहेर केला आठ गोलांचा," हे वाक्य मी आपल्या पडवीत बसून ऐकलं आहे. आणि मोठा पुरावा म्हणजे नारळ. बहिरीच्या देवळातून आणलेला नारळ आपल्या गोलपुढे गोलकीपरनेच वाढवायचा, ही मंडळ सुरू झाल्यापासूनची रीत. त्या दिवशी साहिलने तो तुझ्यापुढे धरला, तर तू हात मागे घेतलेस आणि हर्षदला पुढे केलंस. व्हिडिओत ते स्पष्ट दिसतं. "मनात काळं होतं म्हणून देवाच्या नारळाला हात लावायची हिंमत झाली न्हाय त्याची," असं बाळाजीभावोजी म्हणाले, आणि ते सगळ्यांना पटलं. मलाही पटलं.

तुला मी लहानपणापासून ओळखते. मला नि तुझ्या काकांना, भाऊंना, मूल नव्हतं. भाऊंनी तुला हातमोजे घालायला शिकवलं ते आमच्याच अंगणात, दोन माडांचा गोल करून. माझ्या तुळशीची कुंडी तू तीनदा फोडलीस. तरीही मला पटलं, कारण माझ्याकडे माझा स्वतःचा पुरावा होता. फायनलच्या आधीच्या शुक्रवारी भाऊ अलिबागच्या हॉस्पिटलात होते, आणि मी त्यांची औषधं घेऊन फाटकातून आत येत होते. तू आणि दिनानाथ तिथे उभे होतात. काहीतरी बोलत होतात, हसतही होतात, आणि मला बघून दोघेही एकदम थांबलात. दिनानाथांनी नमस्कार केला. तू म्हणालास, "असंच आलो होतो काकू." दिघीहून फेरीने खाडी ओलांडून अलिबागपर्यंत माणूस असंच येत नाही, एवढं मला कळत होतं.

भाऊ गेल्याच्या तिसऱ्या दिवशी सगळे समाचाराला बसले होते. बोलणं मॅचवर गेलं. कोणीतरी म्हणालं, उगीच पोरावर आळ नको, काही ठोस आहे का? तेव्हा मी म्हटलं, "शुक्रवारी तो दिनानाथांबरोबर हॉस्पिटलच्या फाटकात उभा होता." एवढंच. एरवी न बोलणारं माणूस बोललं की लोक ते खरं धरतात. त्यानंतर कोणी ठोस काही विचारलं नाही. तुझं नाव तिथे संपलं, आणि ते मी संपवलं.

आता पुढचं लिहिते. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही.

भाऊ रविवारी संध्याकाळी गेले नाहीत. ते सकाळी गेले, सहा वाजून वीस मिनिटांनी. मृत्यूच्या दाखल्यावर तीच वेळ आहे. दाखला मी कपाटात पातळांच्या खाली ठेवला आहे, कोणी मागितलाही नाही. शेजारच्या खाटेवरचा माणूस चहा पीत होता, डॉक्टर येऊन गेले, नर्सने चादर वर ओढली. आणि माझ्या मनात पहिला विचार रडण्याचा आला नाही, मॅचचा आला. शनिवारी भाऊ मला म्हणाले होते, "माझ्यापायी फायनल राहिली तर मला वर जाऊन तोंड दाखवता यायचं न्हाय." ते विनोदाने बोलले की खरं, ते मी विचारलं नाही.

आपली सगळी वाडी एका भावकीची. एक माणूस गेलं की दहा दिवस चाळीस घरांना सुतक. सुतकात बहिरीच्या नारळाला हात लावायचा नाही, आणि नारळ वाढवल्याशिवाय आपला संघ मैदानात पाय ठेवत नाही. म्हणजे फायनल न खेळता दिघीला कप. पण सुतक लागतं ते बातमी कानावर पडल्यापासून. ज्याला माहीत नाही त्याला सुतक नाही. सासूबाईंनी हे मला लग्न झालं त्याच वर्षी सांगितलं होतं. मी ठरवलं, संध्याकाळपर्यंत कोणाला माहीत होणार नाही.

सात वाजता बाळाजीभावोजींचा फोन आला. "वहिनी, भाऊ कसे हायेत?" मी म्हटलं, "झोपलेत." ते म्हणाले, "उठले की सांगा, आज कप घेऊनच येतो." मी बरं म्हटलं. माझा हात तेव्हा भाऊंच्या पायावर होता.

दिवसभर त्यांना हॉस्पिटलच्या शीतपेटीत ठेवलं आणि मी बाहेर बाकावर बसले. नातेवाईक गावी आहेत, संध्याकाळी येतील, असं तिथे सांगितलं. चार वाजता सोनलने पाठवायला सुरुवात केली, एक-शून्य, दोन-शून्य. साडेसहाला मी फोन केला आणि म्हटलं, आत्ताच गेले.  बाळाजीभावोजींनी विचारलं, "त्यांना स्कोअर कळला होता?" मी उत्तर दिलं नाही. त्यांनी ते होय धरलं. रात्र व्हायच्या आत वाडीभर झालं, की आठवा गोल भाऊंच्या छातीत बसला.

सोमवारी सकाळी तिरडी उचलताना तू खांदा द्यायला पुढे आलास. बाळाजीभावोजींनी तुला हाताने मागे सारलं. "तू नको. तू मारलंस तेवढं पुरे." मी चार पावलांवर उभी होते. तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, तू माझ्याकडे दया मागतोयस. मी मान वळवली.

मागच्या मंगळवारी एका कागदावर शिक्का राहिला होता म्हणून मी हॉस्पिटलात गेले. तिथे वॉर्डातल्या आया सखुबाई भेटल्या. त्यांनी आधी विचारलं ते तुझ्याबद्दल. "तो उंच पोरगा कसा हाय तुमचा? लय रडला व त्या दिवशी जिन्यात." मी म्हटलं, कोणत्या दिवशी? तेव्हा त्यांनी सांगितलं. त्या रविवारी सातच्या सुमाराला तू पेजेचा डबा घेऊन आला होतास. मी फोनवर होते, पाठ दाराकडे. तू दारात उभा राहून मी बोललेलं ऐकलंस. चादर तोंडावरून ओढलेली तुला दिसत होती आणि मी झोपलेत म्हणून सांगत होते. डबा तू त्यांच्या हातात दिलास आणि म्हणालास, मावशी, मी आलो होतो ते काकूंना सांगू नका. पेज तुझ्या आईने कोणाबरोबर तरी पाठवली असेल, असं मी दोन महिने धरून चालले होते.

शुक्रवारचंही त्यांनीच सांगितलं. भाऊंना रक्त लागणार होतं, ते दिनानाथांशी जुळत होतं, ते पहिल्या फेरीने येऊन देऊन गेले. भाऊंना कळलं तर फायनलच्या तोंडावर दिघीचं रक्त नको म्हणतील, म्हणून तुम्ही दोघं हसत होतात म्हणे. मी सखुबाईंवरही विश्वास ठेवला नाही. रक्तपेढीच्या खिडकीवर जाऊन तारीख आणि नाव विचारून खात्री केली. असा माझा स्वभाव झाला आहे.

घरी येऊन मी सोनलचा व्हिडिओ पुन्हा लावला. साहिल नारळ पुढे करतो, तू एक पाऊल मागे सरतोस, हात पाठीमागे बांधतोस. नंतर गोलच्या खांबालाही हात लावत नाहीस. पूर्वी प्रत्येक मॅचला लावायचास. अकरा जणांत एकट्या तुला सुतक होतं. ज्याला माहीत नव्हतं त्याच्या हातून तू नारळ वाढवून घेतलास, रीतही मोडू दिली नाहीस आणि मलाही उघडं पाडलं नाहीस. मग तसाच गोलमध्ये जाऊन उभा राहिलास. पहिले दोन गोल तू एरवी अडवले असतेस, हे मी लिहिलंच पाहिजे, भाऊंनीही ते तुला सांगितलं असतं. बाकीचे सहा कोणालाच अडवता आले नसते.

आणि नंतर तू बोलला नाहीस. तिरडीपाशी एक वाक्य पुरे होतं, की भाऊ सकाळीच गेले होते, काकूंना विचारा. तू माझ्याकडे दया मागत नव्हतास, मी काही बोलते का ते बघत होतास. दोन महिने तू वाट बघितलीस. दहाव्यालाही आला नाहीस, त्यावरूनही मी तुला नावं ठेवली. साखरपुडा तू स्वतः लांबवलास असं तुझी आई म्हणाली. हे सगळं तू माझ्यासाठी सोसलंस, की माझ्यावरच्या रागाने गप्प राहिलास, हे मला अजून ठरवता येत नाही. रागाने असेल तर मला जास्त बरं वाटेल.

येत्या रविवारी दहा वाजता देवळात मंडळाची बैठक आहे. तुझं नाव कायमचं काढून नवा गोलकीपर ठरवायचा आहे. मला दोन शब्द बोलू द्या, असं मी बाळाजीभावोजींना सांगितलं आहे. ते खूश झाले. भाऊंच्या नावाने एखादी ढाल ठेवायचं मी बोलणार, असं त्यांना वाटतंय. चार माणसांसमोर उभं राहून मी आयुष्यात बोललेले नाही, म्हणून जे बोलायचं ते लिहून काढलं, आणि ते हेच पत्र आहे. याच्या मी दोन प्रती केल्या आहेत. एक तिथे वाचणार, दाखला सोबत नेणार. नवऱ्याच्या प्रेतापाशी खोटं बोलले आणि देवाच्या नारळाशी खेळले, म्हणून आठ गोल झाले असंही म्हणतील, ते म्हणू देत. माझी भीती वेगळी आहे. सगळे माझ्याकडे बघू लागले की मी एखादं वाक्य गाळेन. फाटकातलं गाळेन, नाहीतर मान वळवली ते गाळेन. मी स्वतःला ओळखते. म्हणून दुसरी प्रत आज बुधवारीच रजिस्टरने तुला पाठवते आहे. ती शनिवारपर्यंत पोचेल. पूर्ण पत्र तुझ्या हातात आहे हे मला माहीत असलं, की तिथे एकही ओळ सोडता येणार नाही.

तुझीच,
श्यामलाकाकू