छातीचे सहा फोटो

४ डिसेंबर
आज शिरोली एमआयडीसीत फौंड्रीला लागलो. गडमुडशिंगीहून सायकलने पाऊण तास. आई फार खूश आहे. काम असं: साचा फोडून निघालेले लोखंडी भाग ग्राइंडरवर घासायचे. धूळ पिठासारखी बारीक. सुट्टी झाली की प्रत्येकाला गुळाचा खडा मिळतो. त्याने छातीतली धूळ उतरते, असं इथे सगळे मानतात. मी नववी शिकलोय, अक्षर चांगलं, म्हणून सुपरवायझर आण्णांनी हजेरीची वहीही माझ्याकडेच दिली.

९ डिसेंबर
शेजारच्या ग्राइंडरवर पिराजीमामा. बावीस वर्षं इथेच. तीनदा आखूड खोकतात, मग एकदा लांब. मी मोजलं. मास्क कुठे मिळतो विचारलं, तर सगळे हसले. मामा म्हणाले, पावणं, मास्क लग्नात बांधा मुंडावळ्यांखाली, हितं गूळ खावा.

१३ डिसेंबर
उद्या छातीचे फोटो काढायला गाडी येणार. फोटोत डाग दिसला की माणूस घरी बसतो. म्हणून जुन्या खोकल्यावाल्यांच्या नावावर नवा माणूस उभा करायची इथली पद्धत आहे, असं आण्णा म्हणाले. असे पाचजण आहेत. मामांनी माझे दोन्ही हात धरले. मी हो म्हणालो.

१४ डिसेंबर
पाच वेळा त्यांच्या नावावर उभा राहिलो, सहाव्यांदा माझ्या. दर वेळी शर्ट बदलला. श्वास ओढून धरा, असं गाडीतला माणूस सांगायचा. सहाव्यांदा मला तो धरता आला नाही.

१६ डिसेंबर
मामा आज एकदाही खोकले नाहीत. दिवसभर कान देऊन होतो. भरलं घमेलं घेऊन जिना पळत चढले. गूळ लागला की एकदाचा, म्हणाले. बाकीच्या चौघांचाही खोकला ऐकू आला नाही.

१९ डिसेंबर
रिपोर्ट आले. पाच स्वच्छ. माझा दोन्ही बाजूंनी पांढरा. डॉक्टरांनी विचारलं, धुळीत किती वर्षं काढलीस. पंधरा दिवस, म्हणालो. त्यांना पटलं नाही.
हजेरीच्या वहीतून त्या पाचजणांची इथली वर्षं काढून बेरीज केली. शहाण्णव.

२३ डिसेंबर
तीन आखूड, एक लांब. माझा.
आईला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर उशी —
आण्णा म्हणाले, भिऊ नको, नवा माणूस घेतलाय. यशराज. गाडी पुन्हा बोलावलीय, तुझ्या एकट्यासाठी.

२६ डिसेंबर
यशराजने विचारलं, उभं राहिल्यानं काय हुतंय काय.
न्हाय, म्हणालो.
त्याच्यासाठी आणलेला मास्क खिशातच राहिला.

२७ डिसेंबर
गाडी आली. दारात बसून लिहितोय. तो आत गेला, अंगात माझा शर्ट —
अजून सांगता येईल. हाक मारायला श्वास पुरत —
श्वास ओढून धरा, म्हणाले —
त्याने धरला —
माझा खोकला थांबला.