घरावर डोळा, हातात टोपडं

४ तारीख, सोमवार
सगळ्यांत आधी वन्संच आल्या. चहा पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, कोणाला सांगू नका, पण माझ्यामागे हे घर विकून पैसे दवाखान्यातल्या तान्ह्या बाळांच्या वॉर्डाला द्यायचे म्हणते. वकिलानं कागद तयार केलाय, सही तेवढी राहिलीय.
"वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना?" चहा तसाच टाकून गेल्या. आता मला कोणाला फोन करायला नको. वन्संचे पाय धडधाकट आहेत.

५ तारीख, मंगळवार
थोरला आला! फळं घेऊन. माझ्या गुडघ्याची इतकी चौकशी केली की गुडघाच संकोचला. मग मुद्द्यावर — "आई, भावनेच्या भरात सही करू नकोस." म्हटलं, बस. नुसता बोलू नकोस, सुई ओवून दे. मला दिसत नाही.
मी वॉर्डातल्या बाळांची टोपडी शिवत होते. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड. दिवस भरायच्या आधीच जन्मलेली बाळं ती, एवढीएवढीशी. आमची नातही त्यातलीच. काचेच्या पेटीत होती. आता पाय आपटत चालते, शेजाऱ्यांच्या मांजराला दम देते. दात बघावेत तिचे! असो, कुठं होते मी? हां, सुई. सातव्या वेळी ओवली त्यानं.

७ तारीख, गुरुवार
धाकटी सून. "तुम्हाला एकटं वाटत असेल ना, आई." आजच कळलं वाटतं. दोन टोपडी शिवली पोरीनं, सुबक, कडेला लेस लावून. दोन्ही उसवायला लावली. सिस्टरची सक्त ताकीद आहे — लेस नको, नाडी नको, बटण नको. कातडी फार नाजूक. "इतका वेळ फुकट गेला," म्हणाली. घराबद्दल बोलायचं राहूनच गेलं बिचारीचं.

८ तारीख
वकिलाचा फोन. सही कधी? म्हटलं, बघू.
घरात माणसं आहेत. आधण दोनदा ठेवावं लागतं. सही झाली की कोण येणार?

१० तारीख, रविवार
सगळे जमले. वन्संसुद्धा, बघायला. खाली बसून टोपडी शिवणं चाललेलं. मधेच थोरल्यानं एक टोपडं मुठीवर चढवलं. "आई, माप चुकलं. एवढंसं डोकं असतं का?"
"तुझ्या लेकीचं याहून लहान होतं."
तेव्हा तो पेटीजवळ आलाच नव्हता. बाहेर जिन्यात उभा राहायचा, हातात औषधाची पिशवी धरून. बराच वेळ ते टोपडं मुठीवरच होतं. पुढची तीन त्यानंच शिवली, वाकड्या टाक्यांची.
निघताना दारात म्हणाला, "पण घराचं तेवढं बघ, आई."

१२ तारीख, मंगळवार
टोपडी द्यायला वॉर्डात गेले. एका पेटीत दोन बाळं होती. सिस्टर म्हणाली, पेट्या कमी पडतात, काय करणार. वाकड्या टाक्यांचं टोपडं तिनं त्यातल्या एकाला माझ्यासमोरच घातलं. बरोबर बसलं.
तिथून तशीच वकिलाकडे गेले. सही केली.

१३ तारीख
वन्संना सांगितलेलं नाही. रविवारी सगळे परत येतो म्हणालेत. कापड कापून ठेवलंय.