पडद्यावरच्या गोचिडी

३ डिसेंबर
प्रयोगासाठी गोचिडी वाढवायला गोऱ्ह्याच्या दोन्ही कानांवर बांधलेल्या कापडी पिशव्या आज उघडल्या. डावीत बावीस गोचिडी, उजवीत एकोणीस. सगळ्या रक्त पिऊन टम्म. धुतल्या, वजन केलं, डब्यात ठेवल्या. आता अंडी घालतील. उजव्या कानात पू झालाय.

चैतरामभाऊ त्यावर हळद-तेल लावायला निघाले. मी नको म्हटलं — पुढच्या गोचिडी चिकटणार नाहीत. त्यांचा हात थांबला. नऊ वर्षं इथली जनावरं तेच सांभाळतात. कंत्राटावर. भरवेलीहून सायकलने येतात.

५ डिसेंबर
गजेंद्र सर — प्रयोगशाळा त्यांचीच — नागपूरहून नवं साहित्य घेऊन आले. सिलिकॉनचा पातळ पडदा, खाली कोमट रक्त. गोचिडीने पडद्यातून सोंड घालायची आणि प्यायचं. जनावर नकोच! रक्त लालबर्रा गावच्या एका धडधाकट म्हशीचं, दर बारा तासांनी बदलायचं.

"जमलं तर शोधनिबंधात तुझं नाव पहिलं, ऋता," सर म्हणाले. बरं वाटलं. इथे कशाला लपवू?

८ डिसेंबर
तीस सोडल्या. एकही चिकटली नाही. नुसत्या कडेकडेने फिरतात.

१० डिसेंबर
पडदा आणखी पातळ केला. रक्त सदतीस अंशांवर. शून्य.

११ डिसेंबर
चैतरामभाऊ दारात उभे राहून पाहत होते. म्हणाले, "मॅडम, ह्याइले जनावराचा वासच नाही भेटून राह्यला. कशाले चिकटतीन?"

मी हसले. मग जुने निबंध चाळले — खरंच, काहींनी केस वापरलेत! दुपारी सांगायला गेले तर त्यांनी गोऱ्ह्याच्या मानेवरचे केस आधीच कापून ठेवलेले, मूठभर. बारीक करून पडद्यावर पसरले.

१२ डिसेंबर
अकरा चिकटल्या!!

१३ डिसेंबर
चौदा. चैतरामभाऊंना बोलावून भिंगातून दाखवलं. बराच वेळ पाहत राहिले.

"म्हंजे गोऱ्ह्याले आता पिशव्या नाही बांधायच्या नं?"

"नाही."

"हौ," म्हणाले आणि गोठ्याकडे गेले.

२२ डिसेंबर
नऊ माद्या पोटभर पिऊन गळून पडल्या. वजन गोऱ्ह्यावरच्या माद्यांपेक्षा थोडं कमी. अंडी घातली तरच पद्धत जमली म्हणायची.

२९ डिसेंबर
सात जणींनी अंडी घातली! सरांनी पेढे वाटले. चैतरामभाऊंनी दोन घेतले.

मग सरांनी मला आत बोलावलं. गोठा बंद करायचा, गोऱ्हा गोशाळेला द्यायचा. "शिफारस तुझ्याकडून येऊ दे."

लिहिली. चार ओळी. त्यात फक्त जनावरांबद्दल होतं, माणसाचा उल्लेखही नव्हता. सही केली.

३० डिसेंबर
चैतरामभाऊंनी सरांकडे गोऱ्हा मागितला. सर हो म्हणाले.

३१ डिसेंबर
"उद्यापासून येऊ नका" — हे सरांनी मलाच सांगायला लावलं. सांगितलं.

ते गोऱ्ह्याचा दोर सोडत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मले पडदा आला त्याच दिवशी मालूम होतं, मॅडम. गोऱ्हा सुटला का मीबी सुटलो. पन त्याचे कान पाहावत नव्हते."