कूलरची टाकी आणि तिसरा राउंड

४ मे, सोमवार

पुण्याच्या कंपनीचा दुसरा राउंड झाला. पहिल्या राउंडच्या बाईंनी विचारलं तेच या राउंडच्या माणसानेही विचारलं. स्वतःबद्दल सांगा. आधीची नोकरी का सोडली? सोडली नाही हो, काढलं, अख्ख्या टीमला. हे दर वेळी नव्याने, हसऱ्या तोंडाने सांगायचं. पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता? कूलरसमोर.

तरी ही नोकरी पाहिजेच. घरून काम, नागपूर सोडायचं नाही, आणि मला जे येतं तेच करायचं.

जेवताना बाबा: "काकाचं दुकान काय वाईट हाये? जूनपासून ये म्हणते तो." उमरेडला काकाचं दुकान. झेरॉक्स, रिचार्ज, लोकांचे ऑनलाइन फॉर्म. वाईट काहीच नाही. पण एकदा तिथल्या खुर्चीत बसलो की मी उठणार नाही. स्वतःला ओळखतो मी.

७ मे

तिसऱ्या राउंडचा मेल. समोरचा माणूस प्रश्न देणार, आपण बोलत बोलत कोड लिहायचा. कॅमेरा, माइक चालू, सगळं रेकॉर्ड. सोमवारी दु. ३ वा. नागपुरात, मे महिन्यात, दुपारी तीन. वेळ ठरवणारा नक्की एसीत बसत असेल.

घरात कूलर एकच, माझ्या खोलीच्या खिडकीत. दुपारी आई-बाबा इथेच आडवे होतात. आई म्हणाली, आम्ही स्वयंपाकघरात बसू. आवाज नको म्हणून कूलर बंद ठेवणार होतो, तर ऐकेना. "तुहा लॅपटॉप तापून जाईन." माझं काय होईल ते नाही.

११ मे, सोम.

झाला. दोन्ही प्रश्न सुटले. दुसऱ्यात तर मजा आली, कितीतरी महिन्यांनी. समोरचा माणूस शेवटी "नाइस" म्हणाला. मनातल्या मनात काकाला नाही म्हणूनही टाकलं.

१३ मे

एचआरच्या मॅडमचा फोन. आवाज गोड, म्हणजे काहीतरी बिघडलंय.

"इंटरव्ह्यूच्या वेळी खोलीत आणखी कोणी होतं का?"

नाही म्हणालो.

"रेकॉर्डिंगमध्ये एका पुरुषाचा आवाज आहे. तो आल्यावर तुम्ही डावीकडे बघितलं, कशावर तरी दोनदा टकटक केलं आणि लगेच उत्तर लिहिलंत."

मला काही केल्या आठवेना. मग डोक्यात प्रकाश पडला. बाबा.

बाबा बाहेरून पाइपने कूलरची टाकी भरतात. पाण्याचा काटा आतल्या बाजूला, त्यांना दिसत नाही. म्हणून ओरडून विचारतात, "झाली काय गा?" आणि भरली की आतल्याने पत्र्यावर दोनदा वाजवायचं. कूलरच्या घरघरीत बोललेलं बाहेर ऐकू जात नाही, पत्र्याचं जातं. लहानपणापासून वाजवतो आहे. हात आपोआप जातो. त्या दिवशीही गेला.

मॅडमना सांगितलं.

"टकटक म्हणजे नेमकं काय?"

"बंद करा."

"काय बंद करा?"

"पाणी."

सांगता सांगता मलाच खोटं वाटायला लागलं. "मी वर कळवते," म्हणाल्या.

संध्याकाळी बाबांवर भडकलो. कोणी सांगितलं होतं तेव्हाच भरायले? ते म्हणाले, "टाकी कोरडी पडली असती तर पंप जळला असता." मग थोड्या वेळाने: "माह्या आवाजानं गेली काय तुही नोकरी?"

नाही म्हणायला हवं होतं. मेल उघडून बसलो.

१५ मे

कंपनीकडून काही नाही. मेल उघडतो, बंद करतो.

बाबा आता टाकी भरताना विचारत नाहीत. पाइप लावून मुकाट उभे राहतात. आज टाकी वाहिली, पाणी खिडकीतून खोलीत. एक्स्टेंशन बोर्ड थोडक्यात वाचला. आई: "तुम्ही विचारून काहून नाही राहिले जी?" ते पाइप गुंडाळत राहिले. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय याचाही राग आला.

१९ मे, मंगळ.

तिसरा राउंड पुन्हा. "विश्वासाचा प्रश्न नाही, प्रोसेस आहे." आधी कॅमेरा फिरवून पूर्ण खोली दाखवायची. दार बंद, खिडकी बंद, कूलर बंद. खिडकीत कूलरच बसवलाय, ती बंद कशी करू? पुठ्ठा लावला.

नवा माणूस. नवे प्रश्न. पहिला सुटला. दुसऱ्यात अर्ध्यावर अडकलो, घाम डोळ्यांत. "आर यू कम्फर्टेबल?" येस सर.

वेळ संपली. बाहेर आलो तर बाबा भर उन्हात गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेले, डोक्याला दुपट्टा. आई म्हणाली, भंगारवाल्याला दुसऱ्या गल्लीतून जायला लावलं, शेजारच्या पोरांनाही हाकललं. माठातलं पाणी नेऊन दिलं.

२५ मे

मीच फोन केला. "पोझिशन सध्या होल्डवर आहे." म्हणजे नाही का? "नाही असं नाही." म्हणजे हो? "तसंही नाही." पुढचा राउंड? "सध्या तरी नाही." सरळ नाही म्हणायला यांचं काय जातं? चार शिव्या दिल्या, फोन ठेवल्यावर.

२९ मे

बाबांना सगळं खरं सांगितलं. आता कुठलाच राउंड नाही. "बरं," म्हणाले. उमरेडचं नाव काढलं नाही, मला वाटलं उद्या काढतील.

३० मे, शनिवार

दुपारी लाइट गेली. बाबा बाहेर टाकी भरत होते, मी आत. कूलर बंद, त्यामुळे सगळं ऐकू आलं. काकाचा फोन.

"नाही गा, जूनमध्ये नाही जमत त्याले. अजून एक राउंड बाकी हाये... हो, मोठा हाये. साहेब लोकं घेतात तो... नाही, तू दुसरा पोरगा पाहून घे."

आयुष्यात कधी काकाशी खोटं बोलले नसतील.

काटा वर टेकला होता. हात पत्र्यापर्यंत गेला. वाजवलं नाही, त्यांना बोलू दिलं. पाणी खोलीत यायला लागलं तसा बोर्ड काढला, लॅपटॉप उचलून पलंगावर ठेवला आणि पाय वर घेऊन बसलो.