निकीची निळी नळी

६ जानेवारी, सोमवार

कॉलर पुन्हा चावून चावून फाटली! नवा युनिफॉर्म, दिवाळीनंतर घेतलेला. निकी शाळेतून आली ती छातीपर्यंत ओली. बाई म्हणाल्या, "ताई, पोरं हसतात. हे थांबेपर्यंत घरीच ठेवा ना."

घरी ठेवा म्हणे! सात वर्षांची माझी पोर स्वमग्न आहे, बोलत नाही — पण घंटा झाली की आपली आपण रांगेत जाऊन उभी राहते. शाळा तिला आवडते. तीही काढून घेऊ?

मामाजी, म्हणजे माझे सासरे, ओसरीवर खर्रा घोटत बसले होते. "पोरगी हाय का बकरी? दिवसभर चघळूनच राह्यली!" त्यांच्या स्वतःच्या गालात तेव्हा सुपारी-तंबाखूचा हा एवढा गोळा! मी भांडी आपटत घासली.

८ जानेवारी

मामाजींनी कडुनिंबाचा पाला वाटून निकीच्या सगळ्या कॉलरींना चोपडला. "कपिलचा अंगठा म्या असाच सोडवला होता." कपिल म्हणजे आमचे हे. राजूरला खाणीत आहेत. फोनवर म्हणाले, "बाबा म्हणतात तं पाहून घे थोडे दिवस." पाहतेय.

९ जानेवारी

कॉलर सुटली. मनगट धरलं. दातांचे वण उठलेत, एका जागी रक्त.

११ जानेवारी, शनिवार

सकाळच्या एसटीने यवतमाळ. थेरपीवाल्या मॅडमनी निकीचं मनगट पाहिलं आणि मला एकही टोमणा मारला नाही — मला तिथंच रडू आलं. म्हणाल्या, "ही वाईट खोड नाही. जबड्याला जोर लागला की तिचा जीव शांत होतो. बंद नका करू, चावायला दुसरं द्या." एक निळी रबरी नळी दिली, गळ्यात घालून चावायची. शाळेआधी समोर बसवून गाजर, खोबरंही द्यायचं.

१२ जानेवारी

नळी भिरकावली. पुन्हा दिली, पुन्हा भिरकावली. नव्या रबराचा वास!

मग सुचलं. फाटक्या कॉलरची पट्टी कापली, कडूपणा जाईस्तोवर धुतली आणि तीच नळीला दोरी म्हणून शिवली. निकीने सवयीने कापड तोंडाकडे ओढलं, मागोमाग नळी आली. दाताखाली गेली. तिथेच राहिली! मी स्वैपाकघरात एकटीच नाचले.

१३ जानेवारी

शाळेत गेली. कॉलर कोरडी. मनगटाला नवा वण नाही. बाई म्हणाल्या, "आज बसली की हो ताई! अशी बसली तर येऊ द्या."

१४ जानेवारी, संक्रांत

लिहवत नाही. पण लिहिते.

हळदीकुंकवाला बायका यायच्या होत्या. मी वाण मांडत होते, तेवढ्यात मामाजींनी निकीच्या गळ्यातली नळी काढून सदऱ्याच्या खिशात टाकली. "चार बायांत ढोराचं लोढणं कायले?" सदरा खुंटीला टांगून ते लवंडले. निकीने नळीसाठी त्याच खिशात हात घातला. आधी हाताला लागली खर्ऱ्याची पन्नी, प्लास्टिकची पुडी. सगळा खर्रा तोंडात!

उलट्या, अंगाला दरदरून घाम. पोर पांढरीफटक पडली. दवाखान्यात पळालो. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं.

मामाजी दवाखान्याच्या पायरीवर बसून होते. आत आलेच नाहीत. मी बाहेर गेले तर म्हणाले, "तिनं नळीच शोधली वं, सूनबाई. माह्याच खिशात होती."

त्यांचा राग करायचं ठरवलं होतं. जमलं नाही.

१७ जानेवारी

मामाजींनी पन्न्या, तंबाखू, सुपारी सगळं उकिरड्यावर फेकलंय. खर्रा बंद! आता दिवसभर येरझाऱ्या, आणि समोर येईल त्याच्यावर डाफरणं. आज पेपर वाचता वाचता खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक चावत होते. ओलंचिंब! आधी हसू आलं. मग नाही आलं.

१९ जानेवारी, रविवार

नळीला निकी कुणाला हात लावू देत नाही. मलासुद्धा. आज ओसरीवर गेली, मामाजींच्या तोंडातलं दुपट्ट्याचं टोक ओढून काढलं आणि गळ्यातली नळी काढून त्यांच्या हातात ठेवली.

मामाजींनी ती परत तिच्या गळ्यात घातली आणि आत येऊन मला म्हणाले, "सूनबाई, यवतमाळले जाशीन तं मलेबी एक आनजो."