उंबरमाळची छापील सडक

मु. उंबरमाळ, ता. पोलादपूर
दि. ९ जानेवारी १९९९

चि. महिपत यास मालोजीकाकाचे अनेक आशीर्वाद.

तू, सूनबाई नि मुलं खुशाल असाल असं धरून चालतो. इकडे गुरंढोरं खुशाल आहेत. माणसांचं पुढे लिहितो.

तुमच्या मुंबई मंडळाची रौप्यमहोत्सवी स्मरणिका मिळाली. कागद गुळगुळीत आहे. पहिल्याच पानावर चिटणीस म्हणून तुझा टाय लावलेला फोटो (तुझ्या आईने आधी ओळखलाच नाही, कोण साहेब म्हणाली). पण मी तुला स्वतःच्या अक्षरात नऊ फुलस्केप पानं पाठवली होती, त्यांचं काय केलंस? त्यात मी डोंगर आहे तसा लिहिला होता. फाट्यापासून दोन तासांची चढण, श्रावणात आठ-आठ दिवस तुटणारी वाट, आजाऱ्याला घोंगडीच्या डोलीतून खाली न्यायची रीत. यातलं तू फक्त माझं नाव ठेवलंस, तेही 'लेखन साहाय्य' म्हणून. बाकी 'आमचा डोंगर : एक ओळख' या मथळ्याखाली गावापर्यंत पक्की सडक, घरोघरी नळ आणि 'पर्यटकांना साद घालणारी थंड हवा' असं ठोकून मोकळा झालास. थंड हवा खरी आहे. ती कौलांच्या फटींतून घरोघरी येते. नळ अजून एकाही घरी आलेला नाही.

एवढ्यावर थांबला असतात तरी मी गप्प बसलो असतो. पण तुम्ही उत्साहाच्या भरात ती स्मरणिका कचेऱ्यांना भेट म्हणून वाटलीत. परवा सडकेच्या अर्जाची चौकशी करायला पोलादपूरच्या कचेरीत गेलो, तर तिथल्या साहेबांनी ड्रॉवरमधून तीच काढली. म्हणाले, गुरुजी, तुमच्या गावाला सडक आहे, तुमच्याच माणसांनी छापलंय. दुर्गम गावांच्या यादीतून उंबरमाळ वगळायचं घाटतंय. मी म्हटलं, साहेब, वर येऊन डोळ्यांनी बघा. तर म्हणतात, जीप वरपर्यंत येत असेल तर येतो. आता या माणसाशी काय बोलायचं? यादी ३१ तारखेला बंद होते.

आता तुझ्या आईचं. घाबरू नकोस, हाड मोडलेलं नाही. ठकूबाईवहिनी सोमवारी पाणी आणताना झऱ्यापाशी घसरल्या, घोटा सुजून टम्म झाला. हैबती, भिकू आणि आणखी दोघांनी डोलीत घालून खाली नेलं. तुला निरोप दिलाय, तो जसाच्या तसा लिहितो: "महिपत्याला लिव, तुझ्या सडकेवरना मी झोपून गेले. लय झ्याक हाय. पाय भुईला लागला नाय."

मीही तुमच्या राजधानीची ओळख लिहू का? चौऱ्याण्णव साली मी तुझ्याकडे चार दिवस राहिलो होतो. तू गणपतीला डोंगरावर दीड दिवस राहतोस, तेव्हा अधिकार माझा मोठा. तर, मुंबई ही राज्याची राजधानी असून समुद्रकाठी वसलेली आहे. येथील घरे ऐसपैस असून पाहुण्यास स्वतंत्र जागा मिळते (मी तुझ्या पलंगाखाली झोपलो होतो, हे लिहीत नाही). पाणी मुबलक असून रहिवासी ते रांगेत उभे राहून आनंदाने भरतात. शेजारी इतके प्रेमळ की एकाला खोकला आला तर पलीकडच्या खोलीतून औषध सुचवले जाते. कसं वाटलं? छापतोस पुढच्या अंकात?

तेव्हा मंडळाच्या लेटरहेडवर साहेबांना ताबडतोब लिही, की छापलेलं सगळं खोटं आहे, उंबरमाळला सडक नाही आणि कधी नव्हती. शिक्का मारायला विसरू नकोस. मला तुझा फार राग आलेला आहे, हे शेवटी मुद्दाम लिहून ठेवतो.

तुझा,
मालोजीकाका

ता. क. : ते पत्र फक्त साहेबांनाच जाऊ दे. मंडळात वाचून दाखवू नकोस, आणि कुणी विचारलंच तर स्मरणिकाच बरोबर म्हण. कारण खाली आहे.

ता. क. २ : आमच्या राजेशचं जमत आलंय. मुलगी अंकिता, मूळ वीर गावची, वाढली मुंबईत. तिच्या वडिलांना तुझी स्मरणिका कुठून तरी मिळाली आणि त्यांनी होकार कळवला. आणखी तीन प्रती पाठव, त्यांच्या भावकीला हव्यात.

ता. क. ३ : ते मला महाडात भेटले, स्मरणिका हातातच होती. विचारलं, "गुरुजी, गाडी दारापर्यंत येते ना?" बत्तीस वर्षं मी खोटं बोलणाऱ्या पोरांना छडी दिली, महिपत. मी म्हणालो, "छापलंय की त्यात." लग्न वैशाखात आहे. साहेबांना आजच लिही, निदान फाट्याशी खडी तरी पडलेली दिसू दे. ती पोर दोन तास चढून दारात येईल, तेव्हा तिला तोंड मला दाखवायचं आहे, तुला नाही.